सासुरवाडीतलं यिन-यांग

यिन आणि यांग यांची आणि माझी गाठ दातांच्या डॉक्टरांकडे पडली. दाढ दुखत होती आणि नंबर यायला अवकाश होता. समोरच्या टेबलावर मुखपृष्ठ नसलेलं एक इंग्रजी मासिक पडलं होतं. त्यात एक वर्तुळ छापलेलं होतं. अर्धं काळं, अर्धं पांढरं, दोन मासे एकमेकांना कुशीत घेऊन झोपल्यासारखे. काळ्या माशाला पांढरा डोळा आणि पांढऱ्याला काळा. खाली लिहिलं होतं की ताओ मत मानणारे चिनी लोक सगळी सृष्टी या दोघांत बसवतात. यिन म्हणजे शीतल, सावलीतलं, स्त्रीतत्त्व आणि यांग म्हणजे तापलेलं, उन्हातलं, पुरुषतत्त्व. एकाच्या पोटात दुसऱ्याचा ठिपका असतोच.

त्याच सकाळी मी अकरावीला ग्रॅफाइट शिकवलं होतं. पेन्सिलीत जे असतं त्याला आपण शिसं म्हणतो, पण तो असतो कार्बन, आणि तोही एकावर एक रचलेल्या पातळ पापुद्र्यांचा. असा एकच पापुद्रा वेगळा काढता आला तर त्याला ग्राफीन म्हणायचं, असं शास्त्रज्ञांनी नुकतंच ठरवलं होतं. ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. तोवर तो सुटा पापुद्रा कुणाच्या हाती लागलेला नव्हता, नुसती कागदावर गणितं चालली होती. म्हणजे बारसं झालं होतं आणि मूल व्हायचं होतं.

या पापुद्र्यात कार्बनचे अणू षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि त्यांची दोन घराणी असतात. एका घराण्यातल्या अणूचे तिन्ही शेजारी कायम दुसऱ्या घराण्यातले. शिवाय ऊर्जेच्या आलेखात इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या जागा आणि रिकाम्या जागा एकेका बिंदूला येऊन नुसत्या टेकतात. मध्ये फट नाही आणि एकमेकांवर अतिक्रमणही नाही. डॉक्टरांनी माझ्या दाढेला चिमटा लावला आणि त्याच क्षणी मला उमगलं की हे तर तेच वर्तुळ आहे. क्वांटम भौतिकी आणि चिनी तत्त्वज्ञान यांचा सांधा साताऱ्यात बसलेल्या एका माणसाला सापडला होता, आणि त्या माणसाचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नव्हतं.

घरी आल्यावर गालात कापूस धरून मी शकुंतलेला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं समजावलं. ती चिंचा फोडत बसली होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आज मऊ भात खा. उद्या बघू."

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. यातला 'कनिष्ठ' हा शब्द सरकारनं महाविद्यालयाला लावलेला आहे, पण सांगलीचे माझे सासरे तो जावयाला लावतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा माधवनगरच्या एका कापडगिरणीत विव्हिंग मास्तर होते. शेकडो माग एका नजरेत धरणाऱ्या या माणसाला आपला जावई पुढं मोठा प्राध्यापक होईल असं लग्नाच्या वेळी वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं. तोंडानं ते काही बोलत नसत, फक्त दर दिवाळीला विचारत, "अजून अकरावीच का?" जणू मीच नापास होत होतो.

त्या वर्षी आप्पा त्यांच्या भागातल्या उन्हाळी व्याख्यानमालेचे अध्यक्ष होते. एक वक्ते ऐनवेळी कांजिण्यांनी आडवे झाले आणि कार्यवाहांनी आप्पांना विचारलं की जावयांना बोलवू का. आप्पा म्हणाले म्हणे, "जावई म्हणून बोलवू नका. आणि जावई म्हणून टाळूही नका." इतक्या हार्दिक निमंत्रणानंतर नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. आप्पांसमोर, ते खाली मान घालून ऐकत असताना, मी तासभर बोलणार होतो. मी विषय कळवायला पोवई नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो.

लाइन खराब होती. मी ओरडलो, "ग्राफीनमधलं यिन-यांग." पलीकडून कार्यवाह म्हणाले, "मॉर्फीन?" बूथमध्ये मागं उभे असलेले लोक माझ्याकडे सहानुभूतीनं बघू लागले. मी म्हणालो, "पेन्सिल. पेन्सिलीतली दोन तत्त्वं." ते म्हणाले, "कुठली तत्त्वं?" शेवटी मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "यिन म्हणजे स्त्री, यांग म्हणजे पुरुष." पलीकडून कार्यवाह अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "असं होय. मग आधी का नाही सांगितलंत?" फोन ठेवला. मागच्या लोकांनी मला बाहेर जायला वाट जरा जास्तच रुंद करून दिली.

व्याख्यानाला प्रतिकृती हवी असं मला वाटू लागलं. आमच्या शेजारी लालासाहेब राहतात. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ल्हासुर्ण्याकडे शेती आणि घरामागं कोंबड्या. त्या कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी नेमकी षटकोनी होती. निसर्गाची सर्वांत गूढ रचना शेजारच्या परसात खिळ्यांनी ठोकलेली होती. मी जाळीचा तुकडा मागायला गेलो आणि कशासाठी ते सांगितलं. लालासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"सर, यात चीन कशाला घुसवताय?" ते म्हणाले. "मी बासष्टला तिकडं वर हुतो. आदी भाई-भाई म्हनले आन् मग काय झालं ते आमी बगितलंय."

"लालासाहेब, हे फार जुने चिनी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे."

"जुनं असूंदे न्हाईतर नवं. आपल्याकडं अर्धनारीश्वर हाय की. त्योच घ्या. लोकांना लगेच कळंल."

हा सल्ला चांगला होता. म्हणूनच मला तो आवडला नाही. अर्धनारीश्वर कुणालाही सुचला असता, यिन-यांग मला सुचलं होतं. लालासाहेबांनी मान हलवली आणि जाळी दिली, वर म्हणाले, "बघा बरं, तुमी शिकल्यालं हाय. पर चिन्याला जास्त आत येऊ देऊ नका."

आता प्रश्न अणूंचा होता. एका घराण्यासाठी शकुंतलेचे चिंचोके होते. दुसऱ्यासाठी लालासाहेबांनी कोंबड्यांचा पांढरा मका दिला. घरात खळ शिजवून मी जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर आळीपाळीनं चिंचोका आणि मका चिकटवत गेलो. सुट्टीचे दिवस त्यात गेले. लांबून पाहिलं की डोळ्यांत पाणी येई इतकं ते सुंदर दिसत होतं. शकुंतलेच्या डोळ्यांतही आलं, पण ते वर्षाचे चिंचोके गेले म्हणून असावं.

सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी तिनं बॅग भरता भरता विचारलं, "माईंचं आणि आप्पांचं काय करायचं?"

हे सांगायलाच हवं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. माई आणि आप्पा एकमेकांशी बोलत नसत. गिरणी बंद पडली आणि आप्पा घरी बसले. दोन आठवडे त्यांनी पेपर वाचला आणि मग शिस्त लावण्यासाठी त्यांना माईंचं स्वयंपाकघर सापडलं. त्यांनी सगळे डबे एका मापाचे केले, त्यांवर पाट्या चिकटवल्या आणि ते अक्षरांच्या क्रमानं लावले. मोहरी मैद्याशेजारी गेली आणि मीठ मिरचीशेजारी. फोडणी जळेपर्यंत जिरं सापडेना. माईंनी एकच वाक्य उच्चारलं, "मग आता तुम्हीच बघा." त्यानंतर त्या आप्पांशी बोलल्या नाहीत आणि आप्पांनीही मग मागं हटायचं नाही असं ठरवलं. वर्षं गेली. स्वयंपाक होत होता, पानं वाढली जात होती, पण शब्द तिसऱ्या माणसाच्या हातून जायचा. "त्यांना सांग, भाजी संपली." "तिला म्हणावं, ऐकलं." घरात तिसरं कुणी नसेल तर दोघं मांजराला सांगत. शकुंतला दर मे महिन्यात माहेरी जायची ती विश्रांतीला नव्हे, मांजराला रजा द्यायला.

"या वेळी काहीतरी करा तुम्ही," ती म्हणाली. "आप्पांचं वय झालंय. माईंनाही हल्ली धाप लागते. असंच राहून जाईल."

मी म्हणालो, "आधी व्याख्यान होऊ दे." तिनं बॅगेची चेन जोरात ओढली.

साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं माझी प्रतिकृती बघितली आणि विचारलं, "कोंबड्या कुठायत?"

"कोंबड्या नाहीत. हे ग्राफीन आहे."

"काय का असंना. असं पसरून चालणार न्हाई. गुंडाळा, न्हाईतर टपावर टाका."

मी काळजावर दगड ठेवून पापुद्रा गुंडाळला. त्याची नळी झाली. पुढं वाचनात आलं की त्याच सुमारास जपानमधल्या एका शास्त्रज्ञानं कार्बनच्या जाळीची अशीच गुंडाळलेली नळी पाहिली होती आणि जगभर त्याचं नाव झालं होतं. त्याला त्यासाठी भारी सूक्ष्मदर्शक लागला. मला एसटीचा कंडक्टर पुरला, पण माझं नाव झालं नाही.

नळी आमच्या सीटशेजारी वाटेत उभी राहिली. पलीकडे बनुबाई नावाची एक बाई बसली होती. नाव मला कळलं कारण कंडक्टर तिला ओळखत होता. तिच्या पायाशी टोपलीत दोन कोंबड्या होत्या. उंब्रजच्या अलीकडे मला डुलकी लागली. कराडला जाग आली तेव्हा बनुबाई उतरायच्या तयारीत होती आणि कोंबड्या टोपलीबाहेर मान काढून तृप्त बसल्या होत्या. मी नळीत डोकावलो. चिंचोके होते तिथं होते. मक्याचा एक दाणा शिल्लक नव्हता.

"बाई, तुमच्या कोंबड्यांनी माझे अणू खाल्ले," मी म्हणालो.

बनुबाईनं माझ्याकडे आणि मग शकुंतलेकडे पाहिलं. "आवं, जाळी कोंबड्यांची, दानं कोंबड्यांचं. मला वाटलं तुमी मुद्दाम धरलंय तितं. मी तर म्हनलं लय देवमानूस दिसतोय." आणि ती उतरून गेली. देवमाणूस म्हटल्यावर भांडताही येईना. सृष्टीतलं अर्धं तत्त्व कराडला उतरलं आणि उरलेलं अर्धं घेऊन मी सांगलीला पोचलो.

खरा घाव तिथं बसला. सभागृहाच्या दारात फलक होता. त्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'स्त्री आणि पुरुष : संसारात कुणाचं चालावं? विज्ञानाचा निवाडा.' खाली माझं नाव. मी कार्यवाहांना गाठलं.

ते शांतपणे म्हणाले, "सर, पेन्सिलीवर बोललात तर मी, आप्पा आणि माइकवाला, असे तिघे येऊ. तुम्ही फोनवर शेवटी जे सांगितलंत तेच मी जरा सोपं केलं."

संध्याकाळी सभागृह फुटेस्तोवर भरलं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, खिडक्यांत उरलेले. कित्येक जोडपी आली होती आणि आत शिरताच दोन बाजूंना जाऊन एकमेकांकडे 'आता कळेल' अशा नजरेनं बघत होती. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत आप्पा ताठ बसले होते. माई बायकांत दुसऱ्या रांगेत होत्या, शेजारी शकुंतला. माझ्यामागं टांगलेली जाळी गुंडाळल्याची सवय लागून दोन्ही बाजूंनी आत वळत होती.

मी ठरवल्याप्रमाणे कार्बनपासून सुरुवात केली. लोकांनी अर्धा तास अतिशय संयम दाखवला. पुढं काहीतरी येणार आहे या आशेनं ते षटकोन सहन करत होते. मी चिंचोके दाखवले आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागी दुसरं घराणं आहे असं समजा, असं म्हणालो. खिडकीतून कुणीतरी विचारलं, "कुठं गेलं?" मी खरं ते सांगितलं. हशा झाला. इतका मोकळा हशा त्या दिवशी माझ्या कुठल्याच ठरवलेल्या विनोदाला मिळाला नाही. मग मी फळ्यावर ते वर्तुळ काढलं, दोन मासे, दोन ठिपके, आणि सभागृह एकदम सावरून बसलं.

प्रश्न सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे मी शांत आहे आणि ही तापट. मग यिन कोण?" मी म्हणालो की ही तत्त्वं आहेत, माणसं नव्हेत. ते म्हणाले, "टाळू नका." एका बाईंनी विचारलं, "इलेक्ट्रॉनला ऋण कुणी ठरवलं? पुरुषांनीच ना?" तिसऱ्यांनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः घरी भांडी घासता का?" मी 'कधीकधी' म्हणालो आणि दुसऱ्या रांगेतून माझ्या बायकोचं हसू आलं. आप्पांनी खाली मान घातली. त्यांच्यासमोर माझी उरलीसुरली पत तिथं सांडली असं मला वाटलं.

मग माई उभ्या राहिल्या. त्यांना सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पदर सावरून त्या मला म्हणाल्या, "तुमच्या चित्रात काळ्याच्या घरात पांढऱ्याचा ठिपका आहे आणि पांढऱ्याच्या घरात काळ्याचा. तर अध्यक्षांना विचारा, दुसऱ्याच्या घरात किती शिरावं? ठिपक्याएवढं, की सगळे डबे हलवावेत?"

मी सवयीनं आप्पांकडे वळलो आणि माइकमधून म्हणालो, "त्या विचारतायत, किती शिरावं." लाउडस्पीकर बाहेर चौकापर्यंत लावलेला होता. तोही तसंच म्हणाला.

आप्पांनी घसा साफ केला. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "कापडात उभा धागा असतो आणि आडवा असतो. मागाला शिस्त नसेल तर कापड होत नाही."

"ते म्हणतायत, शिस्त हवी."

"त्यांना म्हणावं," माई म्हणाल्या, "उभा धागा एका जागी ताणून बसलेला असतो. येरझाऱ्या आडव्याला घालाव्या लागतात. त्याला जिरं वेळेवर सापडलं पाहिजे."

हे मी अजून पोचवतो आहे तोवर वीज गेली. मे महिन्यात सांगलीला संध्याकाळी वीज जाणं यात कुणालाच नवल नव्हतं. माइक मेला, पंखे थांबले, खिडक्यांतून मावळतीचा जरासा उजेड येत होता. कुणी उठलं नाही. मी ओरडून निरोप पोचवायचा प्रयत्न केला, पण तासभर षटकोन सांगून माझा आवाज बसला होता. तोंडातून नुसती हवा आली. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठले, व्यासपीठाच्या कडेला आले आणि अंधारातल्या दुसऱ्या रांगेकडे बघून म्हणाले,

"गिरणी बंद झाली होती गं. मला काहीतरी नीट लावायचं होतं. तुला ऐकू येतंय का?"

"येतंय," माई म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकूच येत होतं. बोललात कुठं?"

आप्पा हात पुढं करून चाचपडत व्यासपीठाच्या पायऱ्या उतरू लागले, तेव्हा माई म्हणाल्या, "सांभाळून, शेवटची पायरी उंच आहे." कार्यवाहांनी अंधारातच आभार मानले. आभारात त्यांनी अध्यक्षांचा उल्लेख केला, उपस्थितांचा केला, वीज मंडळाचाही केला. माझा राहिला.

घरी जाताना शकुंतला माझ्याशेजारून चालत होती. मध्येच तिनं माझ्या खांद्यावरची जाळी स्वतःच्या खांद्यावर घेतली, एवढंच.

सकाळी मला आरडाओरड्यानं जाग आली. स्वयंपाकघरात माई आणि आप्पा समोरासमोर उभे राहून भांडत होते. आप्पांचं म्हणणं होतं की पाट्या राहू द्याव्यात, फक्त क्रम माईंचा. माईंचं म्हणणं होतं की त्या डोळे मिटून डबा ओळखतात, पाटी कशाला? मग विषय हिंगाकडे गेला, हिंगाकडून आप्पांच्या बहिणीच्या लग्नातल्या कुठल्याशा अपमानाकडे. कित्येक वर्षांचं साठलेलं होतं आणि दोघांनाही घाई होती. मांजर ओट्याखालून आळीपाळीनं दोघांकडे बघत होतं. शकुंतला दारात उभी राहून डोळे पुसत हसत होती.

चहा घेताना आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. मी सावरून बसलो. आज तरी एखादा बरा शब्द निघेल असं वाटलं.

"काल तुम्ही बोललात ते," ते म्हणाले, "मी नीट ऐकलं. पहिल्या अर्ध्या तासातलं एक अक्षर कळलं नाही. मुलांना असंच शिकवता का?"

"हो," मी म्हणालो.

"मग बिचाऱ्यांना अकरावीतच राहावं लागणार." पण त्यांनी आपल्या बशीतलं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

दुपारी दोघंही आम्हांला स्टँडवर पोचवायला आले. साताऱ्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते यावरून त्यांचं आत शिरतानाच जुंपलं. आप्पा म्हणत, पूर्वीपासून पलीकडेच लागते. माई म्हणत, तुम्ही पूर्वीपासून घराबाहेर पडला आहात कधी? गाडी दोघांनी सांगितलेल्या फलाटांपैकी एकावरही लागली नाही. आम्ही पळत जाऊन ती धरली. बसायला जागा मिळाली, घंटी वाजली, गाडी हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. स्टँडच्या मधोमध ती दोघं एकमेकांकडे तोंड करून उभी होती. माई बोट नाचवत काहीतरी सांगत होत्या आणि आप्पा मान वाकवून, अगदी कान देऊन, ऐकत होते. आमच्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.